आत्याचा उभा खाणारा आरा

आमच्या आत्यासारखी बाई आष्टी तालुक्यात दुसरी नाही, आणि असलीच तर त्या दोघींची अजून गाठ पडलेली नाही, कारण पडली असती तर एका तालुक्याचे दोन तालुके करावे लागले असते. आत्याला "न्हाई" हा शब्द ऐकूच येत नाही. कान ठणठणीत आहेत, पलीकडच्या वस्तीवर सासूसुनेचं काय वाजलं ते ती इथं अंगणात बसून सांगते, पण समोरच्यानं "न्हाई" म्हणलं की तिच्या चेहऱ्यावर असा भाव येतो जणू त्यानं "पुढं बोला" म्हणलंय. एकदा नगरहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरनं तिला सांगितलं, "मावशी, तुमच्या फाट्याला थांबा न्हाई, पुढं उतरा." आत्या म्हणली, "थांबा कावून न्हाई? कुनी उतरत न्हाई म्हनून. आज मी उतरते, झाला थांबा." आणि जी दारात जाऊन उभी राहिली ती फाटा येऊन कंडक्टरनं दोरी ओढेपर्यंत हलली नाही. आज त्या फाट्याला गाड्या थांबतात. बोर्ड नाही, शेड नाही, पण ड्रायव्हर लोकांचा पाय आपोआप ब्रेकवर जातो, न जाणो तिथं आत्या उभी असली तर!

आत्या आणि मामा दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जातात. मामा म्हणजे आत्याचे मिस्टर. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला "एक कोयता" म्हणतात, आणि आत्या म्हणते, "कोयता एकच हाय, पन मूठ माज्याकडं हाय." मामा यावर काही बोलत नाहीत. मामा कशावरच काही बोलत नाहीत. लहानपणी मला वाटायचं मामांना बोलता येत नाही, मग एकदा बैलानं पायावर पाय दिला तेव्हा ते बोलले, आणि जे बोलले ते इथं टाइप करता येणार नाही.

आता आत्याची सगळ्यात मोठी खोड सांगते, कारण ती कळल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. आत्या जगातली प्रत्येक गोष्ट बैल घेतात तशी पारखून घेते. माझे आजोबा बैलांचे पारखी होते, बाजारात बैल घ्यायचा तर लोक आजोबांना बोलवायला यायचे. बाबा शाळेत गेले आणि आत्या आजोबांच्या मागं बाजारात गेली, त्यामुळं बाबांना पाढे आले आणि आत्याला माणसं कळायला लागली. ताईला बघायला पाहुणे आले तेव्हा सगळ्यांनी त्या मुलाला पगार विचारला, नोकरी पक्की का विचारलं. आत्या म्हणली, "पाव्हनं, जरा त्या हौदावरनं एक कळशी भरून आना बरं." बैठकीत सगळे गार! तो बिचारा इस्त्रीच्या शर्टात कळशी भरून घेऊन आला, आणि आत्या दारात उभी राहून त्याची चाल बघत होती, जाताना मागून आणि येताना पुढून. मग ती आईच्या कानात म्हणली, पण आत्याचं कानात म्हणणं रस्त्यापर्यंत जातं, "मागच्या पायात दोष न्हाई. हो म्हन." आज दाजी आमच्या घरात सगळ्यात कामाचा माणूस आहे, हे मान्य करावंच लागतं. मला अंबाजोगाईला कॉलेजात ॲडमिशन मिळालं तेव्हा तिनं होस्टेलच्या खाटेला चारी पायांना लाथ मारून बघितली, आणि वॉर्डन मॅडमला म्हणली, "ह्या खाटेचं वय झालंय. दुसरी द्या." दुसरी मिळाली. माझ्या आधी तीन वर्षं पोरी त्याच कुरकुरत्या खाटेवर झोपून गेल्या होत्या.

तर झालं असं की जेठातल्या वाऱ्यात आत्याचा कडुनिंब पडला. हा कडुनिंब ओढ्यापलीकडच्या बांधावर होता, आणि तो आत्यानं स्वतः लावलेला, लग्न होऊन आली त्या वर्षी. मुळासकट आडवा झाला. खोड असं की मी एका बाजूला बसले तर दुसऱ्या बाजूचं माणूस फक्त डोक्यापुरतं दिसायचं. दोन दिवस आत्या नुसती ओढा ओलांडून जायची आणि खोडाभोवती फिरून यायची. तिसऱ्या दिवशी गावातली चारपाच माणसं कुऱ्हाडी घेऊन जळण न्यायला आली, तेव्हा आत्या जाऊन खोडावर बसली आणि म्हणली, "फांद्या न्या. खोडाला हात लावाल तर बघा." का, तर आत्याला पलंग पाहिजे होता.

हे ऐकायला किरकोळ वाटतं, मलाही वाटलं होतं. मी म्हणलं, "आत्या, पलंग आष्टीत मिळतो की विकत." ती म्हणली, "ऐक माय. वर्सातले सा म्हैने मी कोपीत पाचटावर झोपती." पाचट म्हणजे उसाचा वाळलेला पाला, आणि कोपी म्हणजे त्याच पाल्याची झोपडी. "ऱ्हायलेले सा म्हैने हितं गोधडीवर. लगीन झाल्यापासून मी जिमिनीवरच हाय. लई झाली आता जिमीन! मला वर झोपायचंय. आन् इकतच्या पलंगावर न्हाई, माज्या झाडावर."  मामांनी मान हलवली, म्हणजे विषय मोठा होता.

मग वखारवाला आला. आमच्या भागात लाकूड घेणारा आणि आरामशीनवर फळ्या पाडून देणारा हा एकच. त्यानं खोडाभोवती एक चक्कर मारली, पायानं ठोकलं आणि म्हणला, "आक्का, जळनाच्या भावानं घेतो. तुकडं करून नेतो."

"जळन कावून? फळ्या पाडून दे मला. त्याचं काय घ्यायचं ते घे."

"फळ्या आऱ्यावर पडतात आक्का. एवढं खोड ओढ्यातनं तिकडं न्यायचं कुनी? ट्रॅक्टर येत न्हाई हितं, क्रेन तर सोडाच."

"खोड येत न्हाई तर तुजा आरा हिकडं आन."

वखारवाला एवढा हसला की त्याच्या सोबतचा माणूसपण हसायला लागला. "आरा काय शेळी हाय व्हय आक्का, दोरी बांधून शेतात आनायला? पडू द्या तसंच. तुमी ऊस तोडून परत येईपत्तुर वाळवी खाईल, मंग जळनालाबी न्हाई घेनार कुनी."

चुकीचं काही बोलला नव्हता तो. आमच्याकडं वाळवी अशी आहे की पेरणीच्या वेळी विसरलेला पाभरीचा दांडा काढणीपर्यंत नुसता पोकळ नळा राहतो. दसऱ्यानंतर मुकादमाची गाडी येणार, आत्या-मामा सहा महिने जाणार, आणि वाळवीनं सोडलं तरी गावानं खोड सोडलं नसतं. म्हणजे जे करायचं ते दसऱ्याच्या आत. त्या दुपारी आत्यानं मला अंबाजोगाईला फोन केला. "पोरी, तुज्या मोबाइलात बघ बरं. शेळीसारखा आरा मिळतो का कुठं?"

आणि मिळतो! शप्पथ सांगते, मी सर्च केलं आणि माझेच डोळे विस्फारले. झाड कापायची चेन सॉ असते ना, ती एका लोखंडी चौकटीत बसवायची, आणि पडलेल्या खोडावरून लांबीत सरकवत न्यायची, की जिथं झाड पडलंय तिथंच फळ्या पडतात. झाड हलवायचंच नाही. परदेशात लोक जंगलात जाऊन असंच करतात. सुट्टीत घरी आले तेव्हा मी आत्याला व्हिडिओ दाखवले, आणि तिनं एका बैठकीत किती बघितले त्याचा हिशोबच नाही, माझा दोन दिवसांचा नेट पॅक संपला. बघताना ती बोलायची, "ह्याला कमरंतून वाकता येत न्हाई. ऊस तोडला न्हाई ह्यानं कदी." मग दुसऱ्याला, "ह्यो घाई करतोय. अरं दम धर, जनावराला दम खाऊ दे." त्या गोऱ्या माणसाला मराठी येत असती तर त्यानं तिथंच मशीन बंद केली असती.

हे होईस्तोवर श्रावण संपत आला. आत्यानं दोन बोकडं विकली आणि मला भेटायला म्हणून मामांना घेऊन अंबाजोगाईला आली. मला भेटली ती एकूण पाच मिनिटं. मग म्हणली, "चल, दुकान दाखव." आम्ही तिघं शेतीच्या मशीनच्या दुकानात गेलो, आणि दुकानदार अर्थातच मामांशी बोलायला लागला.

"बोला काका, कंची दाखवू?"

मामांनी हनुवटीनं आत्या दाखवली.

"बरं बरं. मावशी, मंग ही बगा. बॅटरीवर चालती. लई हलकी. लेडीजला एकदम भारी."

"हलकी कावून? मला काय कडंवर घेऊन बाजार फिरायचाय व्हय?"

"फांद्या छाटायच्यात ना?"

"फळ्या पाडायच्यात."

"फळ्या? त्या आरामशीनवर पडतात मावशी."

"पडत आसतील. माज्या फळ्या माज्या शेतात पडनार हायत. ती मोठी काढ. दात बघू दे."

दुकानदारानं एक मधल्या आकाराची, पेट्रोलवरची मशीन काउंटरवर ठेवली. आत्यानं पदर बोटाला गुंडाळला आणि चेन हळूहळू पुढं सरकवत एकेक दात बघायला लागली. गिऱ्हाइकं थांबून बघत होती. मला लाज वाटायला लागली, खोटं कशाला बोलू. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग आत्यानं मान वर केली.

"ह्यो आडवा खानारा हाय. मला उभा खानारा पायजे."

दुकानदार हसला. "मावशी, चेन ती चेन. लाकूड दिसलं की कापती."

"असं कसं? बैल तो बैल म्हनून तू वळूला औताला जुपतो का? हे दात बघ, समदे तिरके. आमच्या गावच्या सुताराकडं दोन करवती व्हत्या. फांदी तोडायची तिरक्या दाताची, आन् फळी चिरायची सरळ दाताची. तिरक्या दातानं फळी चिरायला घेतली की सुतार घामानं भिजायचा आन् फळी निघायची शिडीवानी खाचाखाचाची."

आता दुकानदाराचा चेहरा जरा बदलला. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त माहीत नव्हतं. त्यानं मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला फोन लावला आणि चुकून स्पीकर चालू राहिला. "काय बे, फळ्या पाडायला चेन वायली आसती का?"

"आसती की बे," तिकडून आवाज आला. "उभ्या कापाची. सरळ दाताची. मागवावी लागती, हितं कुनी घेत न्हाई. तुला कुनी सांगितलं? इंजिनियर आलाय का दुकानात?"

दुकानदारानं आत्याकडं बघितलं. "न्हाई," तो म्हणला, "मावशी आल्यात."

माझी लाज तिथंच संपली! मी तर टाळ्याच वाजवणार होते. पण आत्याचं अजून झालं नव्हतं. तिनं पिशवीतून सुतळी काढली, गाठ मारलेली, ती म्हणजे खोडाची रुंदी. मशीनच्या पुढं जी लोखंडी पट्टी असते, जिच्यावरून चेन फिरते, तिच्याशी सुतळी लावली. सुतळी दीड हात, पट्टी एक हात. "हे तर माज्या खोडाचा निस्ता गाल चाटून येईल." मग लांब पट्टीची निघाली. मग दम बघायचा. बैल घेताना काय करतात, गाडीचं चाक दोरीनं बांधतात आणि मग बैलाला ओढायला लावतात, कारण फिरत्या चाकाची गाडी कुणीही ओढतं. आत्यानं दुकानाच्या मागं पडलेला बाभळीचा ओंडका शोधून काढला आणि दुकानदाराला म्हणली, "ह्याच्यात उभी घाल. दाबून धर. सोडू नको." मधली मशीन थोडं आत गेली, गुरगुरली, अडकली आणि बंद पडली. "बसला," आत्या म्हणली. मग सगळ्यात मोठी आणली. ती आत गेली, आवाज खाली आला, जड झाला, पण थांबली नाही. चेन तिरक्याच दाताची होती म्हणून हळू जात होती, पण जात राहिली. आत्या डोळे मिटून नुसता आवाज ऐकत होती.

"ह्यो," ती म्हणली. "ह्याला उभं खानारं दात लाव."

"मावशी, लई जड हाय. तुमाला झेपनार न्हाई."

आत्यानं मशीन एका हातानं उचलली, दोनदा खालीवर केली आणि म्हणली, "आमी उसाची मोळी डोक्यावर घिऊन फळीवरनं ट्रकात चढतो बाबा. ह्यो तर लेकरू हाय."

भावाच्या वेळी मात्र गंमत झाली. आत्यानं सवयीनं हात पदराखाली घेतला आणि दुकानदारापुढं केला, बैलबाजारात कापडाखाली बोटं दाबून भाव करतात तसं. दुकानदार घाबरून दोन पावलं मागं सरकला आणि मामांकडं बघायला लागला. मामा पंख्याकडं बघत होते.

सरळ दाताची चेन यायला महिना लागला. तोवर आत्यानं वेल्डिंगवाल्याकडून माझ्या मोबाइलमधल्या व्हिडिओबरहुकूम चौकट बनवून घेतली. तो म्हणला होता असलं काही मी बनवत नाही, तर ती त्याच्या दुकानासमोर शेंगा फोडत बसली. दुसऱ्या दिवशी चौकट तयार होती. मशीन घरी आली तेव्हा पितृपंधरवडा सरत आला होता. शेजारणी म्हणल्या, पितरं हायत, नवं काम धरू नये. आत्या म्हणली, "झाड पडताना पंचांग बघून पडलं व्हतं का?" असं म्हणली खरी, पण मशीनवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि पट्टीला हळदकुंकू लावलं. जनावर घरात येताना करतात तसं सगळं केलं.

आणि तिथंच घोळ झाला. नवा बैल आणला की पहिले चार दिवस त्याला जादा खुराक देतात, पेंड वाढवतात, अंग धरावं म्हणून. ह्या मशीनच्या पेट्रोलमध्ये थोडं तेल मिसळावं लागतं, अगदी मापानं, दुकानदारानं झाकण देऊन माप दाखवलं होतं. आत्याला ते माप बघूनच वाईट वाटलं. "एवढ्याश्यात काय व्हतंय त्याचं? नवा हाय, चार दिस जादा लागंल." आणि तिनं चांगलं तिप्पट तेल ओतलं. मायेनं ओतलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढा ओलांडून आम्ही गेलो. मी खास चार दिवस घरी आले होते. आत्यानं लुगड्यावर मामांचा फुल बाह्यांचा शर्ट घातला होता, ऊस तोडताना बायका घालतात तसा, आणि डोळ्यांवर माझा कॉलेजच्या लॅबमधला चष्मा. निम्मं गाव बघायला आलेलं. वखारवालाही आला, हात मागं बांधून. आत्यानं दोरी ओढली. मशीननं एक ढेकर दिला, निळ्या धुराचा एवढा मोठा लोट काढला की पुढची माणसं दिसेनात, दोनदा खोकली आणि गप्प झाली. परत ओढली, नुसता धूर. दहा वेळा, वीस वेळा. मी ओढली, माझा खांदा निखळायला आला. काही नाही.

"आक्का," वखारवाला म्हणला, "शेळी बसली व्हय?"

सगळे हसले. आणि पहिल्यांदा, माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, आत्या काही बोलली नाही. ती खोडाला टेकून खाली बसली, तेलाचे हात शर्टाला पुसत राहिली, आणि मला तिच्याकडं बघवेना. गाडी यायला दिवस उरले होते ते बोटांवर मोजण्याइतके. अंबाजोगाईचा मिस्त्री म्हणला होता, बिघडली तर घेऊन या, पंधरा दिवसांत देतो. पंधरा दिवस होते कुठं! माणसं पांगायला लागली, आणि पांगताना एकजण कुऱ्हाड आणायचं बोलला ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

तेव्हा मामा पुढं आले. त्यांनी मशीन उचलली, वास घेतला, टाकीचं झाकण काढून आत बोट बुडवलं, बोट उन्हात धरलं. आणि मामा बोलले.

"जास्ती चारलंय."

एवढंच. मग टाकी रिकामी केली, आतला तो छोटा प्लग पान्यानं खोलला, काळाकुट्ट तेलकट झालेला, तो पेट्रोलनं धुतला, शर्टाच्या टोकानं पुसला, फुंकला, परत बसवला. मी पुस्तिका वाचून मापाचं पेट्रोल-तेल कालवलं. आत्या बघत होती. "तेवढंच?" तिनं हळूच विचारलं. "तेवढंच," मी म्हणलं. "उपाशी ऱ्हाईल गं," आत्या म्हणली. मामांनी दोरी ओढली, तिसऱ्या ओढीला ती मशीन जी फाडकन सुरू झाली, ओढ्यापलीकडचे बगळे उडाले!

पुढचं मी कितीही सांगितलं तरी कमीच. खोड वरून गोल, चौकट सरकायला सपाट पाहिजे, म्हणून पहिल्या कापासाठी मंडपवाल्याची शिडी खोडावर लांबीत ठोकून बसवली आणि शिडीवरून चौकट सरकवली. आत्या कमरेत वाकली. काय वाकली! तीस वर्षं उसाच्या बुडाशी वाकलेली कंबर ती, त्या व्हिडिओवाल्या गोऱ्याला हे कुठून येणार. मशीनला ओढत नव्हती, ढकलत नव्हती, नुसती सोबत चालत होती. मामा दुसऱ्या टोकाला चौकट धरून मागं मागं सरकत होते. बारीक तांबूस भुसा तिच्या शर्टावर, केसांवर, पापण्यांवर. सगळ्या शिवारात कडू वास. दुसरा काप संपला तेव्हा पहिली फळी सुटी झाली, आम्ही तिघांनी ती उचलून उताणी केली, आणि आत लाकूड असं लालसर, मध्ये गडद रेघा, की पांगलेली माणसं परत जवळ आली. आत्यानं बोटाच्या पेरानं ठोकून बघितलं आणि कान लावला. "घट हाय," ती म्हणली.

वखारवाल्यानं खिशातून टेप काढला, दोन्ही टोकांना लावला. "आक्का, जाडी कमीजास्त झाली. ह्या टोकाला पातळ हाय."

"व्हय," आत्या म्हणली. "पन शेतात झाली."

तीन दिवसांत नऊ फळ्या पडल्या. ओढ्यातून ट्रॅक्टर येत नव्हता ना? आत्यानं चुंबळ डोक्यावर ठेवली, पुढचं टोक तिच्या डोक्यावर, मागचं मामांच्या, आणि नऊच्या नऊ फळ्या गुडघाभर पाण्यातून अल्याड आणल्या. चौथ्या दिवशी वखारवाला स्वतः घरी आला, चहा प्यायला, इकडचं तिकडचं बोलला आणि शेवटी म्हणला, तिकडं एकाची बाभळ पडलीय अवघड जागी, मशीन द्याल का. आत्या म्हणली, "फळ्या पाडायच्या आसतील तर मी सवता येते. जळन करायचं आसंल तर कुऱ्हाडी हायत की गावात."

मग सुतार आला पलंगाचं माप घ्यायला. त्यानं फळीवर हात फिरवला, नख रुतवून बघितलं आणि म्हणला, "आक्का, ओलं हाय. आत्ता पलंग केला तर वाकंल, तडकंल. वरीसभर वाळू द्या सावलीत, मधी काड्या घालून. पंधरा दिवसाला उलटंपालटं करायचं."

कंडक्टर, वेल्डिंगवाला, दुकानदार, सगळ्यांना आत्यानं नमवलं, पण ओल्या लाकडाला दम देता येत नाही. तिनं वाकून स्वतः एकदा नख रुतवून बघितलं. मग उठून काड्या तोडायला गेली. पत्र्याच्या शेडात आम्ही नऊ फळ्या एकावर एक रचल्या, मध्ये काड्या, खाली विटा, भोवती वाळवीचं औषध. दसऱ्यानंतर गाडी आली. आत्यानं गोधड्या बांधल्या, कोयते बांधले, शेडाची किल्ली माझ्या हातात दिली आणि मामांच्या आधी ट्रॉलीत चढून बसली.

आता मी सुट्टीला घरी आले की आत्याच्या गावी जाते आणि फळ्या पलटून येते, मधल्या वेळी बाबा जातात. गावात त्या दिवसांत म्हातारी माणसं आणि कुत्री एवढंच असतं, रस्त्यानं चाललं तर आपल्याच चपलेचा आवाज येतो. परवा दुपारी मी शेडात असताना आत्याचा फोन आला. मागं ट्रकचा आवाज, कुणीतरी कुणाला हाका मारत होतं.

"वाकल्या का गं?"

"न्हाई आत्या. एकपन न्हाई."

"तडा?"

"एकीच्या टोकाला बारीक हाय. सुतार म्हणला काढून टाकू."

"बरं."  तिचा श्वास ऐकू येत होता. "पाठ लई भरून आलीय आज. पोरी, एक कर. वरच्या फळीवर जरा आडवी हो. आन् सांग मला."

मी ओढणी बाजूला ठेवली आणि फळीवर आडवी झाले, फोन कानाला लावून. पत्र्याच्या फटीतून उन्हाची एक रेघ माझ्या पोटावर पडली होती.

"गार हाय आत्या," मी म्हणलं. "कडक हाय, पन टोचत न्हाई. वास येतो अजून."

तिकडून कुणीतरी ओरडलं, गाडी भरायची म्हणून.

"लगीच उठू नको," ती म्हणली. "पड जरा येळ तशीच."